तालुका कोर्टातली बावीस वर्षं आणि शनिवारची शिबिरं

माणगंगा_काठ

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी लिहिलं होतं की तालुक्याचे वकील तारखा वाढवण्याशिवाय करतात काय. तिथेच उत्तर द्यायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, माण-खटाव भागात बावीस वर्षं दिवाणी वकिली करतेय. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे नाव लिहिणार नाही, कोर्ट कुठलं तेही नाही, आणि व्यनिमधून, म्हणजे खाजगी निरोपातून, केस घेणार नाही हे आधीच सांगते. अशिलांच्या गोष्टींत ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घरात कुणी वकील नव्हतं. २००३ ला वकिलीची सनद मिळाली आणि तालुक्यातल्या एका जुन्या सिनियरांकडे लागले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पहिलं वर्षभर अण्णांनी मला कोर्टापुढे उभं राहू दिलं नाही. काम काय, तर नकलेचे अर्ज करायचे, रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदी, वाचून काढायच्या, पुराव्याच्या कागदांवर निशाण्या, म्हणजे कोर्टाचे क्रमांक, बरोबर पडल्यात का ते बघायचं आणि दुपारी कोर्टाबाहेर लिंबाखाली बसलेल्या अशिलांशी बोलायचं. संध्याकाळी ऑफिसात अण्णा विचारायचे, आज लिंबाखाली कोण होतं, कुठनं आलेलं, घरनं किती वाजता निघालेलं, भाकरी बांधून आणलेली का. सांगता आलं नाही की दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे. मला तेव्हा हे काम वेळ घालवल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मनाई हुकुमाच्या एका दाव्यात एक म्हातारे वादी होते, लांबच्या वाडीवरून यायचे. समोरच्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तरच, आलेली नव्हती, म्हणजे त्यांचं कोर्टात काहीच काम नव्हतं, तरी ते सहा तारखांना आले कारण प्रत्येक वेळी मीच सांगायचे की बाबा पुढच्या तारखेला या. सहाव्या वेळी त्यांनी विचारलं, "बाई, मी आलो न्हाई तर चालंल का? ल्योक म्हणतोय रोज बुडतोय." मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. सांगायचं सुचलंच नाही, कारण मला कुणी ते काम म्हणून शिकवलं नव्हतं असं मी स्वतःला समजावलं, पण खरं तर अण्णा वर्षभर तेच शिकवत होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक अशिलाला तारखेची चिठ्ठी देते. आज काय झालं, पुढची तारीख कशासाठी, तुम्ही यायचं का नाही, येताना काय आणायचं. चार ओळी, मोठ्या अक्षरात. आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की तारीख दिसते ते चांगलंच आहे, पण पुढचा टप्पा 'मुद्दे काढणेकामी' असा दिसला तर वाडीवरच्या माणसाने त्यातून यायचं का नाही ते कसं ठरवायचं? चिठ्ठी अजून चालू आहे.

आता शिबिरांचं. २०१० च्या आसपास एक बाई आली, चाळिशीतली, माहेर आमच्या तालुक्यातलं. बांगड्यांच्या डब्यात घडी घालून ठेवलेला कागद होता तिच्याकडे. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला वारस नोंदीला सही लागते, तालुक्याला नेलं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो काढला, अंगठा घेतला, हॉटेलात जेवण, एक साडी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. काही महिन्यांनी गावातल्याच कुणीतरी सांगितलं की तू तर हक्कसोड करून दिलास, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिलास. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागता येतो पण त्याला मुदत आहे, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. ती माझ्याकडे आली तेव्हा चौथं वर्ष चालू होतं, आणि मधल्या काळात तिने स्वतःच तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज देऊन ठेवलेला, त्यावर तारीख, पोच, सगळं. म्हणजे तिला कधी कळलं याचा पुरावा तिच्याच अंगठ्याचा. तरी दावा लावला, लढलो, हरलो. अपिलातही हरलो. निकालाच्या दिवशी ती रडली नाही, मला म्हणाली, "तुमी आधी का न्हाई भेटला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोर्टात मी जे काही करते ते दस्त झाल्यानंतर, अंगठा उठल्यानंतरचं आहे. त्याच्या आधी तिच्यापर्यंत कुणी पोचलं असतं तर दावाच लागला नसता. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी असते, तेव्हापासून त्यातला एक शनिवार गावात जायचं ठरवलं, कधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात, कधी बचत गटाच्या बायकांनी बोलावलं म्हणून.

भाषण देत नाही. सुरुवातीला दिलं, घटनेची कलमं सांगितली, बायका पदर तोंडाला लावून जांभया देत होत्या. मग एकदा सातबाऱ्याच्या झेरॉक्स नेल्या. म्हटलं, आपापल्या माहेरचा सातबारा मनात आणा आणि हा 'इतर हक्क' नावाचा रकाना बघा, भावाचं नाव वर मोठ्या जागेत असतं, बहिणींची नावं बऱ्याचदा इथे खाली बारीक अक्षरात असतात, हक्कसोड झाला की इथूनही जातात. एकदम शांतता झाली. मग एक आजी म्हणाली, "माजं नाव हाय का बघून दे की गं." त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मोबाईलवर सातबारे काढत बसलो होतो.

इथे इतर वकील असतील, कोर्टातले लोक असतील, कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले असतील. लिहा.

---

वाडीचा_पोरगा

ताई, वाचताना माझी आत्या डोळ्यापुढे आली. आमच्याकडे वडिलांनी चौघी बहिणींची हक्कसोड घेतली तेव्हा मी दहावीत होतो, घरात पुरणपोळी केलेली आठवते, आत्या हसत होत्या, मला वाटलं सण आहे काहीतरी. आता कळतंय. वडील नाहीत आता. आत्यांनी कधी विषय काढला नाही पण मला आत कुठेतरी टोचतं.

एक विचारायचंय, मुलींना समान वाटा नक्की कधीपासून? गावात कुणी म्हणतं १९९४, कुणी म्हणतं २००५, कुणी म्हणतं बाप २००५ ला जिवंत पाहिजे.

---

माणगंगा_काठ

@वाडीचा_पोरगा, तिन्ही ऐकीव गोष्टींत थोडं थोडं खरं आहे म्हणून घोळ होतो. महाराष्ट्राने १९९४ ला स्वतःची दुरुस्ती केली, पण त्यात तोपर्यंत लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. मग केंद्राची दुरुस्ती, ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यात लग्न झालेली न झालेली असा फरक नाही, मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. बाप जिवंत पाहिजे का यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते, ते सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मध्ये मिटवलं: २००५ ला बाप जिवंत असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते उकरता येत नाही. "तोंडी वाटप झालं होतं" एवढ्यावर आता सहसा भागत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. हे वडिलोपार्जित मिळकतीचं, वडिलांनी स्वतः कमावलेलीचं वेगळं.

आणि तुझ्या आत्यांबद्दल. राजीखुशीने, समजून केलेला हक्कसोड कायद्याने वैध आहे, त्यात तुझ्या वडिलांनी गुन्हा केला असं नाही. पण तुला आज त्यांना काही द्यावंसं वाटत असेल तर बक्षीसपत्र आहे, मृत्युपत्र आहे, रस्ता बंद झालेला नाही. आधी आत्यांशी बोल.

---

निवृत्त_बेलीफ

मी एकतीस वर्षं बेलीफ होतो, आता गावी शेती बघतो. मॅडमनी लिंबाचं लिहिलं आणि आमच्या कोर्टातलं चिंचेचं झाड आठवलं.

समन्स घेऊन गावात शिरलं की लोकांना वाटायचं पकडायला आला. दारं लावून घ्यायचे. एकदा एक माणूस मागच्या दाराने रानात पळून गेला, बायको म्हणाली मुंबईला गेलेत, आणि गोठ्यात त्याची चप्पल. मी दोन पंच घेतले, दारावर नक्कल चिकटवली, पंचनामा केला, माझं काम झालं. कायद्याने बजावणी झाली. पण तो माणूस हजरच झाला नाही, दावा एकतर्फी झाला आणि घराची पडवी गेली. त्याचं म्हणणं खरं होतं हो, पडवी त्याचीच होती, सगळ्या गावाला माहीत. पण सांगायला तो कोर्टात आलाच नाही.

त्यानंतर मी पारावर बसून सांगायला लागलो. समन्स म्हणजे वॉरंट नाही. कोर्ट म्हणतंय की तुझ्याविरुद्ध कुणीतरी काही मागतंय, तुझं काय म्हणणं ते येऊन सांग. घेतलंत तर ३० दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने वाढवून दिली तरी ९० च्या पुढे अवघड. नाही घेतलंत तरी दावा थांबत नाही. साहेब रागावले होते एकदा, म्हणाले तुझं काम बजावणी, प्रवचन नाही. मी करत राहिलो.

---

शर्वरी_मुळशी

खूप छान धागा. माझी मुलगी पाच वर्षांच्या लॉ च्या चौथ्या वर्षाला आहे. वर्गातल्या बहुतेकांना कंपनीत जायचंय, हिला कोर्टात. माझी काळजी पैशाची. ओळखीतली एक मुलगी पुण्यात एका सिनियरकडे दीड वर्ष होती, महिन्याला गाडीच्या पेट्रोलचे पैसे सुटतील एवढंसुद्धा मिळत नव्हतं, वर संध्याकाळी नऊपर्यंत ऑफिस. शेवटी सोडलं तिने. आईबापाच्या जिवावर किती वर्षं काढायची? आणि आमच्यासारख्या पगारदारांनी निदान काढली, ज्यांच्या घरी तेही नाही त्यांच्या पोरांनी काय करायचं?

---

माणगंगा_काठ

@शर्वरी_मुळशी, काळजी रास्त आहे, मी ती उडवून लावणार नाही. मला पहिली दोन वर्षं अण्णा महिन्याला एसटीचा पास आणि दिवाळीला साडी द्यायचे. तेव्हा सगळीकडे तसंच होतं, पण तसंच होतं म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, माझ्याबरोबरच्या दोन हुशार मुली याच कारणाने वकिली सोडून गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही. माझ्याकडे सध्या एक मुलगी आहे तिला मी तेवढे देते, आणि ते देण्यासाठी दोन बँकांची वसुलीची कामं घेतलीत जी मला फारशी आवडत नाहीत. एक चांगली गोष्ट, सनदेची फी. पूर्वी राज्याराज्यात पंधरा-वीस हजार, काही ठिकाणी त्याहून जास्तही घ्यायचे, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढीच घ्या, म्हणजे ७५०, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांकडून १२५.

आणि मुलीच्या मनात पुढेमागे न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ पासून कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांच्या परीक्षेला ३ वर्षांची वकिली परत सक्तीची झालीय. त्यामुळे कोर्टात काढलेली वर्षं तिकडेही कामी येतील. सिनियर निवडताना मोठं नाव बघू नका. तो ज्युनियरला साक्षीदार तपासू देतो का, ते त्याच्या जुन्या ज्युनियरना विचारा.

---

तळकोकणी_वकील

सोळा वर्षं वकिली, सिंधुदुर्ग. धागा आवडला पण एका बाबतीत वेगळं मत मांडतो. लोकअदालत आणि मोफत सल्ला याचं फार गोड चित्र रंगवलं जातं सगळीकडे. अपघाताच्या नुकसानभरपाईत, चेक बाउन्समध्ये, बँकेच्या वसुलीत लोकअदालत उत्तम, वाद नाही. पण वाटपाच्या दाव्यात एका बाजूला भाऊ, गावचे चार पुढारी आणि दुसऱ्या बाजूला एकटी बहीण, आणि सगळे म्हणतायत मिटवून टाका, माहेर तुटेल, तेव्हा तिथे होते ती तडजोड असते का? आणि एकदा लोकअदालतीचा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय, पाच गुंठे हक्काचे असताना पन्नास हजारावर सही करून बाई घरी गेलेली. वकील शेजारी उभा होता.

---

माणगंगा_काठ

@तळकोकणी_वकील, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि वकील शेजारी उभा होता हे वाक्य वाचून त्रास झाला कारण मीही कधीतरी तिथे उभी होते. लोकअदालतीत मिटलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, वीस वर्षांचं भांडण एका दुपारी संपतं, हे सगळं खरं आहे. पण तुम्ही म्हणता तो दाब लोकअदालतीच्या मांडवात तयार होत नाही, तो आदल्या रात्री घरात तयार झालेला असतो आणि मांडवात नुसती सही होते.

माझ्यापुरता एक नियम केलाय. तडजोडीचा कागद लिहून झाला की मी अशिलाला बाजूला घेते, नातेवाईक कुणी नाही, आणि म्हणते आता हे तुमच्या शब्दांत मला सांगा, तुम्हाला काय मिळणार, काय सोडताय, कधी मिळणार. सांगता आलं तर सही. "भाऊ म्हणतोय ते बरोबर हाय" एवढंच आलं तर त्या दिवशी सही नाही, पुढच्या लोकअदालतीत बघू. दोनदा यावरून समोरच्या वकिलांशी वाजलंय, एकदा लोकअदालतीच्या पॅनेलवरच्यांनीही नाराजी दाखवली. एका बाईने मात्र सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाली, मला माहीत आहे मी कमी घेतेय, पण मला आईला भेटायला जाता आलं पाहिजे. मी सही करू दिली. तो तिचा हिशोब होता.

---

जुनी_पोथी

वकील आणि समाजकार्य म्हटल्यावर माणगंगाताईंच्याच जिल्ह्यातला माणूस आठवला, गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. मूळचे साताऱ्याचे, पुण्यात येऊन वकील झाले. १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा काढली ती यांनीच, न्यायमूर्ती रानडे नंतर आले. दुष्काळात शेतकऱ्यांची गाऱ्हाणी गोळा करून सरकारपुढे मांडणं, भांडणं कोर्टाबाहेर मिटावीत म्हणून लवाद कोर्टं काढणं, स्वदेशीचा पुरस्कार, १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेलेला हा माणूस. आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला जेव्हा धैर्य लागत होतं तेव्हा त्यांनी घेतलं. पुढच्याच वर्षी वारले.

दुसरं महाडचं. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, दावा कमी लोकांना माहीत असतो. तळं खाजगी आहे असं म्हणून १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला, प्रतिवादी दस्तुरखुद्द बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम. पंचवीस तारखेच्या परिषदेला हजारो माणसं जमलेली, तळ्यावर जायला निघालेली, आणि बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरवून त्यांना थांबवलं. पुढे महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई हायकोर्ट, १७ मार्च १९३७ ला निकाल, वादींना पुरातन वहिवाट सिद्ध करता आली नाही. जवळजवळ दहा वर्षं. जो माणूस गोलमेज परिषदेला जातोय, पक्ष काढतोय, तोच माणूस तळ्याच्या दाव्यातल्या कैफियती आणि साक्षीपुराव्याकडेही लक्ष देतोय. तालुका कोर्टाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हे वाचावं.

---

कृष्णाकाठी

सांगलीहून. वकिलांच्या सामाजिक कामात कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं यासाठीचा लढा आलाच पाहिजे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीसेक वर्षं मागणी लावून धरली, मोर्चे, उपोषणं, मंत्र्यांच्या दारात बसणं. १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. ज्या दिवशी बोर्ड लागला त्या दिवशी माझे सिनियर, वय ७८, काठी टेकत आले होते. अपिलासाठी अशील रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, सकाळी स्टेशनवर तोंड धुवायचे, तारीख पुढे गेली की परत रात्रीची गाडी. ते संपलं.

---

वाडीचा_पोरगा

@कृष्णाकाठी, चांगलंच झालं, पण एक बोलू का? त्या आंदोलनात कोर्टाचं काम बंद असायचं तेव्हा आमचा चुलता दोनदा हेलपाटा मारून परत आलाय. त्याचा रोज गेला त्याचं काय?

---

कृष्णाकाठी

@वाडीचा_पोरगा, बरोबर आहे. वकिलांना संपाचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय, आणि काम बंद ठेवलं की मार बसतो तो अशिलालाच. आमच्यातही यावर जोरात वाद व्हायचे, मी स्वतः काम बंदच्या विरोधात मत दिलंय. चुलत्यांची माफी मागायला मी कोण, पण आमच्यामुळे त्यांना त्रास झाला हे कबूल करतो.

---

नाशिककर_दूरदेशी

न्यू जर्सीत रात्रीचा एक वाजलाय आणि मी सातबाऱ्याचा इतर हक्क वाचतोय. ताई, उलटतपासाबद्दल लिहा ना एखादा प्रसंग. सिनेमात ओरडाओरड दाखवतात तसं असतं का?

---

माणगंगा_काठ

@नाशिककर_दूरदेशी, ओरडून काही होत नाही, साक्षीदार सावध होतो आणि न्यायाधीश वैतागतात. एक सांगते.

वाटपाचा दावा, मी बहिणीकडून. भावाचं म्हणणं १९९६ लाच तोंडी वाटप झालंय, बहिणीने हिश्श्याऐवजी सोनं घेतलं, आणि त्याची आठवण म्हणून लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी दाखल केली, कागद पिवळा पडलेला, सह्या, अंगठे. त्यात कुठला गट कुणाला ते लिहिलेलं आणि शेवटी विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाभावांत चार चार दिवस. साक्षीदार शेजारचा शेतकरी, म्हणतो मी हजर होतो, माझ्यासमोर लिहिली.

मी चिठ्ठीबद्दल पाऊण तास काहीच विचारलं नाही. शेती किती, पीक काय घेता, बांध कुठला, पाऊस किती पडतो. माणूस मोकळा झाला, शेतीवर बोलायला त्याला आवडत होतं. मग विचारलं, यांच्या रानात पाणी कशाचं? म्हणाला विहिरीचं. चांगलं पाणी आहे का? म्हणाला लागलं बरं, पण लई खोल जावं लागलं, मीच होतो की खोदाईला. कधीची खोदाई? तो अभिमानाने म्हणाला, "त्यो मोठा दुष्काळ न्हवता का, दोन हजार तीनचा, छावण्या लागल्या हुत्या, त्याच उन्हाळ्यात फोडली." मी विचारलं, त्याआधी त्या रानात दुसरी विहीर होती? "न्हाई, कोरडवाहू हुतं सगळं."

खाली टायपिस्टची बोटं चालू होती, ते वाक्य टाईप झालं, आणि मी बसले. १९९६ च्या चिठ्ठीत २००३ ला खोदलेल्या विहिरीची पाळी. पुढे एकही प्रश्न विचारला नाही, कारण अण्णा सांगायचे की पाहिजे ते मिळालं की थांबायचं, अजून एक विचारला की साक्षीदार सावरतो. भावाच्या वकिलांच्या लक्षात आलं होतं, त्यांनी फेरतपास, म्हणजे त्याला पुन्हा प्रश्न विचारायची परवानगी, मागितला पण साक्षीदाराने पुन्हा तेच सांगितलं. तो खोटारडा माणूस नव्हता, शेजारधर्म म्हणून आला होता. विहिरीबद्दल तो खरं बोलला कारण तिथे त्याने स्वतः घाम गाळलेला.

विहिरीचं मला कुठून सुचलं तर अशिलाने लिंबाखाली सहज सांगितलेलं की आमच्या लहानपणी रानात पाणी नव्हतं, डोक्यावरून आणायचो.

---

अनुराधा_निलंगा

मी कधी लिहीत नाही, आज लिहितेय. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने तिला दोन लेकरांसह घराबाहेर काढलंय, सहा महिने झाले. ती माहेरी आहे, शिवणकाम करते. खावटीसाठी, म्हणजे पोटगीसाठी, केस करायची म्हटलं तर एका ठिकाणी आधी पंचवीस हजार भरा म्हणाले. तिच्याकडे ना पैसे ना कागद, लग्नाची पत्रिकासुद्धा तिकडेच राहिली. मोफत वकील मिळतो म्हणतात तो खरंच मिळतो का, का नुसतं बोर्डावर लिहिलेलं असतं? आणि तो नीट लढतो का?

---

तळकोकणी_वकील

@अनुराधा_निलंगा, मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अटच नाही. १५१०० या नंबरवर फोन लावा, फुकट आहे. गुन्ह्याच्या केसमध्ये आरोपीसाठी आता लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे मोफत बचावाचा वकील देणारं ऑफिस, आहे, खावटीच्या केसला पॅनेलवरचा वकील देतील. नीट लढतो का, तर माणसावर आहे, खोटं कशाला सांगू. पटला नाही तर वकील बदलून मागायचा अर्ज देता येतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

---

माणगंगा_काठ

@अनुराधा_निलंगा, ताई, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीची खोली असते, नसेल सापडत तर गेटवरच्या पोलिसाला किंवा कुठल्याही कारकुनाला विचारा. साधा अर्ज असतो. वकिलाचे पैसे नाहीत, टायपिंग-नकलेचा खर्चसुद्धा समितीकडूनच. पैसे मागितले कुणी तर लगेच समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांना, लेखी कळवायचं.

पत्रिका नाही म्हणून अडत नाही. हे गोळा करा: तिचं आणि लेकरांचं आधार, लेकरांचे जन्मदाखले (त्यात बापाचं नाव असतं), शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नातला एखादा फोटो, आणि नवऱ्याच्या कामाचं जे काही असेल ते, पगाराची पावती, जमिनीचा सातबारा, गाडीचा नंबर. सातबारा ऑनलाईन निघतो. अर्जात अंतरिम खावटी मागायला सांगा, केस संपेपर्यंत थांबू नका, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा आदेशही मागता येतो हे वकिलांना विचारा. घराबाहेर काढल्याची तारीख तिला नीट आठवायला लावा, त्या दिवशी वार कुठला, कोण शेजारी होतं, लेकरांच्या अंगावर काय होतं. आत्ता लिहून ठेवा, वर्षाने उलटतपासात विचारतील.

---

अनुराधा_निलंगा

सोमवारी गेलो होतो दोघी. खोली जिन्याखाली आहे, दोनदा पुढून गेलो तरी दिसली नाही. तिथे एक मॅडम होत्या, अर्ज त्यांनीच भरून घेतला, अंगठा नाही सही करा म्हणाल्या, हिला सही येते पण बरेच दिवसांत केली नव्हती तर हात थरथरत होता. गुरुवारी वकील नेमल्याचं पत्र मिळेल म्हणाल्या. जन्मदाखला एका लेकराचा आहे, दुसरीचा काढायला टाकलाय.

---

माणगंगा_काठ

@अनुराधा_निलंगा, दुसरीचा दाखला यायची वाट बघू नका, एकावर अर्ज दाखल होतो, दुसरा नंतर यादीने देता येईल. गुरुवारी वकील भेटले की त्यांच्याकडून पुढची तारीख, ती कशासाठी आहे आणि हिने यायचं का नाही, हे कागदावर लिहून घ्या. नाही दिलं लिहून तर तुम्ही विचारून लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.